पंखाच्या टोकाला पायाचं बोट

कोंबडीच्या अंड्याला ऊब मिळायला लागून साडेतीन दिवस झाले की आतल्या गर्भाच्या दोन्ही कुशींना चार लहान फुगवटे दिसतात. दोन पुढे, दोन मागे. पुढच्यांचे पंख होणार, मागच्यांचे पाय. मागचा अंकुर जरासा मोठा असतो. तेवढं सोडलं तर सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींत वेगळं असं काही सापडत नाही. हाडं नाहीत, बोटं नाहीत, पिसं नाहीत, खवलेही नाहीत. तरी कुठल्या अंकुराचं काय व्हायचं, हे तोवर ठरलेलं असतं.

हे वाक्य मी परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याचे गुणही मिळाले होते. पण 'ठरलेलं असतं' म्हणजे नेमकं काय, कशात ठरलेलं असतं आणि ते ठरलेलं आहे हे ओळखायचं कसं, हे मला संशोधनाला लागल्यावर एक जुना प्रयोग स्वतः करून बघताना कळलं. प्रयोग १९५७चा. जॉन सॉन्डर्स, जॉन केर्न्स आणि मेरी गॅसलिंग या तिघांनी पायाच्या अंकुरातला, पुढे जिथे मांडी होणार तिथला, आतल्या ऊतीचा बारीक तुकडा काढला आणि पंखाच्या अंकुराच्या टोकाला बसवला. आमच्या मार्गदर्शक बाई नव्या विद्यार्थ्याला हाच प्रयोग आधी करायला देत. त्यांचं म्हणणं असं की या एका कलमात हात तयार होतो आणि विचारही.

तुकडा बसवायच्या आधी मी वहीत तीन शक्यता लिहून ठेवल्या होत्या. पहिली, तुकडा पंखात गेला म्हणजे पंखाचाच होईल. दुसरी, तो मांडीचा आहे, तेव्हा पंखाच्या टोकाला मांडीचं हाड उगवेल. तिसरी, यातलं काहीच न होता तो नुसता विरून जाईल. मूळ निबंध मी वाचला होता, निकाल ठाऊक होता. तरी आपल्या टेबलावर काय होईल याची उत्सुकता कमी होत नाही.

आता अंड्याकडे. फलित अंडी ३८ अंश सेल्सिअसला, भरपूर दमट हवेत, आडवी ठेवायची. आडवी अशासाठी की गर्भ बलकावर तरंगत वरच्या बाजूला येतो आणि खिडकी कुठे पाडायची ते कळतं. अंड्याच्या बोथट टोकाला सुईने भोक पाडून दोन-तीन मिलिलिटर पांढरा बलक काढून घेतला की गर्भ कवचापासून खाली सरकतो. हे नीट झालं तरच वरून कवच कापताना कात्री त्याला लागत नाही. मग वर चिकटपट्टी लावून बारीक वाकड्या कात्रीने लंबगोल खिडकी कापायची. आत डोकावलं की पिवळ्या बलकावर पसरलेलं रक्तवाहिन्यांचं जाळं दिसतं आणि त्याच्या मधोमध धडधडणारं हृदय. ज्यांनी ते पहिल्यांदा पाहिलं त्यांच्यातलं कुणी बोललेलं मला आठवत नाही. सगळे बघत राहतात.

वय दिवसांवर मोजून चालत नाही. एकाच वेळी ठेवलेल्या दोन अंड्यांतले गर्भ काही तास मागेपुढे असतात. त्यासाठी व्हिक्टर हॅम्बर्गर आणि हॉवर्ड हॅमिल्टन यांनी १९५१मध्ये दिलेली अवस्थांची मालिका वापरतात. अंडं घातल्यापासून पिल्लू बाहेर येईपर्यंत ४६ अवस्था. मला विसावी अवस्था हवी होती, म्हणजे साधारण सत्तर ते बहात्तर तासांनंतरची. तेव्हा अंकुर पुरेसे उठून आलेले असतात आणि कापाकापी सोसणारेही असतात. गर्भ डाव्या कुशीवर पडलेला असतो, म्हणून उजवा पंख वर येतो. शस्त्रक्रिया नेहमी उजव्यावर. डावा तसाच ठेवायचा. त्याच प्राण्यातली ती तुलना असते, आणि तिच्याइतकी खात्रीची तुलना दुसरी नाही.

खरं काम टंगस्टनच्या सुईचं. अंकुराच्या कडेने बाहेरच्या थराची, म्हणजे एक्टोडर्मची, एक जाडसर कंगोऱ्यासारखी किनार असते. प्रयोगशाळेत सगळे तिला एईआर (अ‍ॅपिकल एक्टोडर्मल रिज) म्हणतात. उजेड तिरका पाडला की ती काचेसारखी चमकते. ही किनार काढून टाकली तर अवयव तिथेच खुंटतो, हे सॉन्डर्सनीच १९४८मध्ये दाखवलं होतं. किनार जितकी लवकर काढावी तितका अवयव आखूड होतो. म्हणजे अवयवाची लांबी वाढते ती या किनारीच्या जोरावर. ती एफजीएफ-८ सारखी प्रथिनं सोडते आणि तिच्याखालच्या पेशी वाढत्या ठेवते. मला तिला धक्का न लावता तिच्या आणि आतल्या ऊतीच्या मध्ये फट करायची होती. आधी गर्भावरचं पातळ आवरण फाडायचं, मग किनारीखाली सुई सरकवून ती हळूच उचलायची. हात टेबलावर टेकलेला, कोपर टेकलेलं, श्वाससुद्धा बेताने. माझ्या बाजूला बसणारा वरिष्ठ सहकारी एवढंच म्हणायचा, "घाई करू नकोस, फट आपोआप उघडते." आणि ती उघडायची.

दाता गर्भ वेगळ्या अंड्यातला. त्याचा पायाचा अंकुर कापून थंड ट्रिप्सिनमध्ये, म्हणजे प्रथिनं तोडणाऱ्या विकरात, थोडा वेळ ठेवला की बाहेरचा थर सुटतो आणि आतला थर, म्हणजे मेसोडर्म, उघडा पडतो. त्यातल्या बुडाकडच्या भागातून एक चौकोनी तुकडा घ्यायचा. हा भाग किनारीपासून लांब असतो, त्याची मांडी व्हायची असते. पिपेटने तो तुकडा उचलून दुसऱ्या अंड्यात सोडायचा आणि फटीत ढकलायचा. किनार परत खाली बसते आणि तुकडा दाबून धरते. दोन थेंब प्रतिजैविक घातलेलं मिठाचं द्रावण, वर चिकटपट्टी, आणि अंडं परत ऊबेला. शेजारच्या अंड्यांत मी तसाच तुकडा पंखाच्या अंकुरातला घेऊन पंखाच्याच टोकाला बसवत होते. नुसत्या कापाकापीने काही विचित्र होत नाही ना, हे बघायला.

मग वाट पाहणं. यात सांगण्यासारखं काही नाही. काही गर्भ जगतात, काही नाही. जगलेल्यांना दहाव्या दिवसापर्यंत वाढू द्यायचं. आमच्याकडे नियम होता की उबवणीचा शेवटचा तृतीयांश सुरू व्हायच्या आत प्रयोग संपवायचा, आणि मला तो योग्य वाटतो.

दहाव्या दिवशी गर्भ काढून स्थिर केला की कूर्चा रंगवायची. आम्ल मिसळलेल्या अल्कोहोलमधला अल्शियन रंग कूर्चेला धरतो, बाकीची ऊत धुऊन निघते. शेवटी मिथाइल सॅलिसिलेटमध्ये ठेवलं की सगळं मांस पारदर्शक होतं आणि आत हिरवानिळा सांगाडा उभा राहतो. या द्रवाला दुखण्यावरच्या मलमाचा वास येतो. तो वास आजही आला की मला तो सांगाडाच आठवतो.

डावा पंख नेहमीसारखा: दंडाचं हाड, पुढची दोन हाडं, तीन बोटं. उजव्यात दंड ठीक, पुढची दोन हाडं ठीक, आणि टोकाला पंखाच्या बोटांशेजारी एक लांब, सडपातळ, बऱ्याच पेरांचं, टोकाशी वाकडं नख असलेलं बोट. पायाचं बोट. मांडी नव्हती, विरून जाणंही नव्हतं, आणि पंखही नव्हता. पुढे आणखी दोन-तीन दिवस वाढू दिलेल्या गर्भांत त्या बोटाच्या कातडीवर खवल्यांच्या आडव्या वळ्या उठायला लागल्या होत्या. बाजूच्या पंखावर पिसांचे अंकुर होते. ज्या अंड्यांत पंखाचाच तुकडा बसवला होता तिथे पायासारखं काहीही नव्हतं.

या निकालावर मी बराच काळ अडकून राहिले, कारण तो माझ्या वहीतल्या तिन्ही शक्यतांच्या बाहेरचा होता. वाचलेला असूनही त्याचा अर्थ मला तेव्हा लागला. त्या तुकड्याला दोन वेगळ्या गोष्टी ठाऊक असायला हव्या होत्या. एक, आपण पायाचे आहोत. ही त्याने पंखात जाऊनही सोडली नाही. दुसरी, आपण अवयवाच्या बुडाशी आहोत की टोकाशी. ही त्याने सोडली. किनारीखाली आल्यावर त्याने टोकाचं काम उचललं. मांडी व्हायचं सोडून तो बोट झाला, पण पायाचंच बोट झाला. लुईस वोल्पर्ट यांनी १९६९मध्ये पेशींना मिळणाऱ्या स्थानाच्या माहितीची कल्पना मांडली, तिच्यामागे हेच आहे: पंखात आणि पायात 'तू टोकाशी आहेस' हा निरोप एकच, पण तो ऐकणारी पेशी तिच्या पूर्वेतिहासाप्रमाणे त्यातून पंखाचं किंवा पायाचं बोट घडवते. गर्भविकासात मला याहून सुंदर काही सापडलेलं नाही. 'मी कोण' आणि 'मी कुठे' हे दोन निर्णय वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या मार्गांनी होतात, आणि एक सुई त्यांना एकमेकांपासून सोडवून दाखवू शकते.

यातून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. ओळख आतल्या थरात आहे. एडगर झ्विलिंग यांनी पंखाचा आणि पायाचा बाहेरचा थर आणि आतला थर अदलाबदल करून जोडले होते, आणि आत पायाचं मेसोडर्म असेल तर वर पंखाचा थर असूनही पायच तयार होत होता. खवले की पिसं, हेसुद्धा आतून ठरतं. म्हणजे माझ्या तुकड्यावरची कातडी पंखाची होती आणि तिने पायाचे खवले धरले. खालून निरोप आल्याशिवाय हे होणार नव्हतं.

पण तो निरोप कुठल्या रूपात आहे? १९५७मध्ये याचं उत्तर देण्याचं साधन नव्हतं. आज आहे. मी पुढे तेच केलं, आणि ते काम सुईच्या कामापेक्षा कंटाळवाणं असलं तरी माझ्यासाठी जास्त मोलाचं ठरलं.

पेशीत कुठला जनुक चालू आहे हे बघायला त्याच्या आरएनएला चिकटणारा पूरक धागा वापरतात. त्या धाग्याला एक खूण जोडलेली असते, खुणेला प्रतिपिंड धरतं, प्रतिपिंडावरचं विकर जांभळा रंग तयार करतं. जिथे जनुक चालू तिथे जांभळं. सांगायला सोपं आहे. करताना गर्भ प्रोटिनेजमध्ये, म्हणजे प्रथिनं तोडणाऱ्या विकरात, अचूक वेळ ठेवायचा, सत्तर अंशांच्या आसपास रात्रभर धाग्यासोबत ठेवायचा, मग दिवसभर धुवायचा, पुन्हा रात्रभर प्रतिपिंड, पुन्हा दिवसभर धुणं. रंग चढताना बाटलीजवळून हलवत नाही. जास्त वेळ ठेवलं तर सगळंच जांभळं होतं आणि मग कशालाच अर्थ राहत नाही.

मी तीन धागे वापरले: टीबीएक्स-५, टीबीएक्स-४ आणि पिटएक्स-१. तिन्ही जनुकांची प्रथिनं दुसऱ्या जनुकांना चालू-बंद करणारी आहेत. टीबीएक्स-५च्या गर्भात डोळ्याचा वरचा भाग, हृदय आणि पंखाचे दोन्ही अंकुर जांभळे झाले. पाय पूर्ण कोरे. टीबीएक्स-४च्या गर्भात पायाचे अंकुर गडद, पंख कोरे. पिटएक्स-१ खालच्या जबड्याच्या जागी आणि पायाच्या भागात. दोन अंकुर, जे मला नुसत्या डोळ्यांनी सारखे दिसत होते, ते या तीन बाटल्यांत एकमेकांपासून इतके वेगळे होते की पुन्हा कधी त्यांची गल्लत होणार नाही. आणि लहान अवस्थांत बघितलं तर अंकुर फुगायच्या आधीपासूनच, सपाट ऊतीत, पुढचा पट्टा टीबीएक्स-५चा आणि मागचा टीबीएक्स-४चा. सोमाइट म्हणजे पुढे जिथे पाठीचा कणा होणार तिथे दोन्ही बाजूंना पुढून मागे ओळीने बसलेले ऊतीचे ठोकळे. पंख साधारण पंधराव्या ते विसाव्या सोमाइटच्या शेजारी उगवतो, पाय सव्विसाव्या ते बत्तिसाव्याच्या. मधला कुशीचा पट्टा या दोन्हींपैकी काहीच नाही.

मग मी तेच केलं जे पहिल्यापासून करायचं होतं. मांडीचा तुकडा पंखाच्या टोकाला बसवला, पण दहा दिवस थांबले नाही. दुसऱ्याच दिवशी गर्भ काढून टीबीएक्स-४चा धागा लावला. कोऱ्या पंखाच्या टोकाला एक जांभळा ठिपका होता. आजूबाजूला सगळीकडे टीबीएक्स-५ चालू असलेल्या शेजाऱ्यांत तो तुकडा आपला जनुक तसाच चालू ठेवून बसला होता. दहाव्या दिवशी दिसणारं बोट हे त्याचं दूरचं फळ. निर्णय त्या ठिपक्यात होता, आणि तो मला बोट दिसायच्या कितीतरी आधी दिसला.

इथे थांबलं तर गोष्ट फार सोपी होते, आणि तशी ती नाही. १९९९मध्ये एकाच सुमारास अनेक गटांनी हे जनुक चुकीच्या जागी चालू करून पाहिले. विषाणूच्या मदतीने पिटएक्स-१ पंखाच्या अंकुरात चालू केला तेव्हा माल्कम लोगन आणि क्लिफर्ड टॅबिन यांना टीबीएक्स-४ही चालू झालेला दिसला आणि पंखाने पायाची वळणं धरली. टीबीएक्स-४ पंखात आणि टीबीएक्स-५ पायात चालू करणाऱ्यांनाही अंशतः अदलाबदल दिसली. तेव्हा वाटलं, हेच ओळखीचे जनुक. पण २००५मध्ये उंदरांत टीबीएक्स-५ काढून त्याजागी टीबीएक्स-४ घातला तेव्हा अवयव वाढला आणि तो पुढचाच पाय झाला, मागचा नाही. म्हणजे अवयव वाढायला लावणं हे या दोघांचं सामाईक काम असावं, आणि पाय म्हणून ओळख देण्यात पिटएक्स-१चा वाटा मोठा. मला स्वतःला हा दुसरा पुरावा जास्त पटतो, कारण जनुक बाहेरून भरपूर प्रमाणात चालवण्यापेक्षा तो काढून त्याजागी दुसरा घालणं जास्त कडक परीक्षा आहे. माणसांतही पिटएक्स-१चं नियंत्रण बिघडून तो हाताच्या अंकुरात चालू झाला तर कोपराला गुडघ्याची लक्षणं येतात. त्याला लीबेनबर्ग सिंड्रोम म्हणतात. उलट टीबीएक्स-५ बिघडला तर हात आणि हृदय दोन्हींत दोष येतो, तो होल्ट-ओरम सिंड्रोम. माझ्या बाटलीतल्या गर्भात हृदय आणि पंख एकाच रंगाने उठून आले होते, हे वाचताना मला ते आठवलं.

आमच्याच खोलीत एका सहकाऱ्याने मण्याचा प्रयोग केला. एफजीएफमध्ये भिजवलेला बारीक मणी पंख आणि पाय यांच्यामधल्या कोऱ्या कुशीत ठेवला की तिथे जादा अवयव उगवतो, हे मार्टिन कोन, शेरिल टिकल आणि सहकाऱ्यांनी १९९५मध्ये दाखवलं. मणी पुढच्या बाजूला ठेवला तर पंख, मागच्या बाजूला ठेवला तर पाय. मण्यातलं प्रथिन तेच. मधोमध ठेवला तर मिश्र अवयव येतो, पुढच्या अर्ध्यात टीबीएक्स-५ आणि पिसं, मागच्या अर्ध्यात टीबीएक्स-४ आणि खवले. मी तो मिश्र अंकुर रंगवून दिला होता. मधली सीमा एका रेषेसारखी नव्हती, तरी दोन्ही बाजू निःसंशय वेगळ्या होत्या. एफजीएफ नुसतं 'वाढ' म्हणतं. काय म्हणून वाढायचं, ते त्या जागेला आधीच माहीत असतं.

आणि जागेला ते कोण सांगतं? इथे हॉक्स जनुक येतात, म्हणजे शरीरात पुढून मागे कुठली जागा कुठली हे ठरवणारे जनुक. गर्भ अजून तबकडीसारखा सपाट असताना, पेशी आदिरेषेतून, म्हणजे त्या तबकडीच्या मधोमध उमटणाऱ्या खाचेतून, आत उतरत असतात तेव्हा, हे जनुक एकामागून एक ठरलेल्या क्रमाने चालू होतात. लवकर उतरलेल्या पेशी एक संच घेऊन पुढे बसतात, उशिरा उतरलेल्या दुसरा संच घेऊन मागे. जेरोम ग्रो यांच्या गटाने २०१९मध्ये दाखवलं की पंखाची जागा या वेळापत्रकाने ठरते: चौथ्या गटाच्या आसपासचे हॉक्स टीबीएक्स-५ला वाव देतात, नवव्या गटाचे त्याला दाबतात. झेब्रा फिंच, कोंबडी आणि शहामृग यांत हे वेळापत्रक मागेपुढे सरकलेलं आहे आणि पंखाची जागाही त्याच क्रमाने सरकलेली आहे. लांब मानेच्या पक्ष्याचा पंख मागे असतो, त्याचं कारण गर्भाच्या पहिल्या दोन दिवसांत असतं, हे कळल्यावर मी कित्येक दिवस प्रत्येक पक्ष्याची मान मोजत होते.

पायावर पिसं असलेली कबुतरं तुम्ही पाहिली असतील. २०१६मध्ये त्यांच्या गर्भांचा अभ्यास झाला. त्यांच्या पायाच्या अंकुरात पिटएक्स-१ नेहमीपेक्षा कमी आणि टीबीएक्स-५, जो तिथे मुळीच नसायला हवा, तो चालू. त्यांच्या पायाची हाडंही जराशी पंखाकडे झुकलेली असतात. मी सुईने जे बाहेरून केलं ते या पक्ष्यांत जनुकांच्या नियंत्रणातल्या बदलांनी झालं आहे, आणि निवड करणाऱ्या माणसांनी ते पिढ्यान्‌पिढ्या जपलं आहे.

सध्या मी तुकडा आणखी लवकर घ्यायचा प्रयत्न करते आहे, अंकुर उठायच्या आधीच्या सपाट ऊतीतून, निरनिराळ्या अवस्थांतून. अशा लहान गर्भांत रक्तवाहिन्या अजून दिसत नाहीत, म्हणून खाली पातळ केलेली शाई सोडून गर्भ उठावदार करावा लागतो. प्रत्येक अवस्थेला दुसऱ्या दिवशी टीबीएक्स-४ बघायचा आणि दहाव्या दिवशी सांगाडा. ज्या अवस्थेपासून पुढे तुकडा आपली ओळख सोडत नाही, ती माझ्या हातांनी शोधायची आहे. रंगवायच्या बाटल्या आत्ता सत्तर अंशांवर आहेत.